देणगीदाराचे घड्याळ आणि वस्तीचे आरोग्य

राइट टाउन, जबलपूर

जबलपूरच्या राइट टाउनमध्ये सकाळी दहाच्या सुमारास फेरी मारली, तर वैद्यकीय धंद्याची भरभराट नजरेत भरल्यावाचून राहत नाही. खाजगी रुग्णालये, रक्त-लघवी तपासणारी केंद्रे, औषधांची दुकाने आणि त्यांच्या दारांत उभ्या असलेल्या मोटारी यांनी इथले रस्ते व्यापलेले आहेत. याच वेळी इथल्या घरांच्या स्वयंपाकघरांत मदन महालच्या टेकड्यांकडील वस्त्यांतून आलेल्या स्त्रिया धुणीभांडी करीत असतात. आणि नेमक्या याच वेळी, अकरा ते दोनच्या दरम्यान, त्यांच्या वस्तीत एका देणगी-प्रकल्पाची फिरती आरोग्यगाडी उभी राहत असे.

'उभी राहत असे' हे भूतकाळी रूप मी हेतुपुरस्सर वापरले आहे. प्रकल्पाची मुदत एका ३१ मार्चला संपली आणि १ एप्रिलपासून गाडी येईनाशी झाली.

प्रस्तुत लेखक पक्षाच्या कामासाठी अनुवाद करतो आणि पोटापाण्यासाठी मधूनमधून इतरांचीही भाषांतरे करतो. मुदत संपल्यानंतर या प्रकल्पाच्या मूल्यमापनाकरिता वस्तीतील स्त्रियांच्या ज्या मुलाखती घेण्यात आल्या, त्यांचे इंग्रजी भाषांतर योगायोगाने माझ्याकडे आले. एकीमागून एक स्त्री तेच सांगत होती: गाडी येते तेव्हा आम्ही कामावर असतो, संध्याकाळी सहाला आली असती, तर आम्हालाही दाखवता आले असते. एकीने रक्तदाबाचे कार्ड प्लॅस्टिकच्या पिशवीत जपून ठेवले होते. गोळी रोज घ्यायची, मनाने बंद करायची नाही, असे गाडीवरच्या डॉक्टरांनी तिला बजावले होते. ती गोळी एप्रिलनंतर कोठून आणायची, हे मात्र तिला कोणीही सांगितले नव्हते.

काही महिन्यांनी छापील अहवाल पाहण्यात आला. भरविलेली शिबिरे, नोंदविलेले रुग्ण, वाटलेल्या गोळ्या, सारे काही उद्दिष्टापेक्षा अधिक होते. संध्याकाळी सहाच्या मागणीचा त्यात उल्लेखही नव्हता. कारण विचारले तेव्हा शांतपणे उत्तर मिळाले: 'त्यासाठी निर्देशक नव्हता.'

या एका वाक्यात देणगीवर चालणाऱ्या आरोग्य-प्रकल्पांच्या व्यवस्थापनाचे सारे तत्त्वज्ञान सामावलेले आहे. म्हणून या प्रश्नाची चर्चा पक्षसभासदांपुढे स्पष्टपणे मांडणे आवश्यक वाटते.

कोणाचा पैसा, हा प्रश्न गौण आहे काय?

आपल्यातीलच काही मित्र असा युक्तिवाद करतात: 'रोगी बरा होण्याशी कारण! पैसा कोणाचा आहे, हे तापाने फणफणलेल्या मुलाच्या आईने कशाला विचारायचे? सरकार करीत नाही. कोणी कंपनी, कोणी परदेशी प्रतिष्ठान करीत असेल, तर आपण आडवे का पडावे?' शिकलेल्या, तळमळीच्या तरुण-तरुणींना हा युक्तिवाद विशेष पटतो. त्यांच्यातील कित्येकांना अशा प्रकल्पांतच 'क्षेत्र समन्वयक' म्हणून नोकरी मिळते आणि ती ते प्रामाणिकपणे करतात.

हा युक्तिवाद वरवर पाहता बिनतोड वाटतो. मुलाच्या आईने तो प्रश्न विचारू नये, हे आम्हालाही मान्य आहे. परंतु तिने विचारू नये म्हणून आपणही विचारू नये, असे मुळीच ठरत नाही. पैसा कोणाचा या प्रश्नाच्या पोटात आणखी तीन प्रश्न दडलेले असतात. काय मोजायचे, हे कोण ठरवणार? चुकले तर जाब कोणाला द्यायचा? आणि काम थांबवायचे केव्हा, हे कोणाच्या हाती? या तिन्ही प्रश्नांची उत्तरे जर देणगीदाराकडे असतील, तर रोगी बरा होणे हा त्या व्यवस्थेतील आनुषंगिक लाभ ठरतो. पहिल्या प्रश्नाचे उत्तर आपण आरोग्यगाडीच्या बाबतीत पाहिलेच. उरलेल्या दोहोंसाठी इतिहासाकडे वळू.

एक जुना धडा

स्वातंत्र्याच्या सुमारास आपल्या देशात दरसाल अंदाजे साडेसात कोटी लोकांना मलेरिया होत असे आणि सुमारे आठ लाख त्यात दगावत. १९५३ साली राष्ट्रीय मलेरिया नियंत्रण कार्यक्रम सुरू झाला. १९५८ साली त्याचे निर्मूलन कार्यक्रमात रूपांतर करण्यात आले. या कामी अमेरिकेचे साहाय्य मोठ्या प्रमाणावर मिळाले. डीडीटी आली, फवारणीची साधने आली, वाहने आली. परिणामही दिसला. १९६५ पर्यंत रुग्णांची संख्या सुमारे एक लाखावर उतरली. ही कामगिरी थोर होती आणि घरोघर फवारणी करणाऱ्या हजारो कामगारांच्या श्रमाची ती फलश्रुती होती.

मग काय झाले? १९७६ साली देशात मलेरियाच्या ६४ लाखांहून अधिक रुग्णांची नोंद झाली. डासांनी डीडीटीला दाद देणे सोडले, हे एक कारण खरेच. कीटकनाशकाचा पुरवठा अपुरा पडला, परकीय साहाय्य आटले, हेही खरे. परंतु सर्वांत मूलभूत कारण निराळे होते. उभारलेली यंत्रणा एकाच रोगापुरती, वरून खाली आलेली होती. रोग आटोक्यात आल्यावर पाळत ठेवण्याचे काम ज्या प्राथमिक आरोग्य केंद्रांनी उचलायचे होते, ती कित्येक ठिकाणी उभीच राहिलेली नव्हती, किंवा उभी असली तर तिथे माणसे नव्हती. १९४६ साली भोर समितीने खेड्यापर्यंत पोचणारी सर्वंकष सार्वजनिक आरोग्यसेवा सुचविली होती. तो पाया न घालता इमारतीचा वरचा मजला बांधण्यात आला. मजला कोसळला, यात नवल ते काय!

आजच्या तरुण कार्यकर्त्यांनी हा धडा पुन:पुन्हा वाचावा असा आहे. साहाय्य वाईट होते म्हणून पराभव झाला नाही. साहाय्य संपल्यावर काम कोणी चालवायचे, याचे उत्तर तयार नव्हते म्हणून तो झाला.

मंडला जिल्ह्याने काय सिद्ध केले?

आता जबलपूरच्या शेजारचे उदाहरण घेऊ. जबलपुरात १९८४ पासून भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेची आदिवासी आरोग्याला वाहिलेली संशोधन संस्था आहे. या परिषदेने, मध्य प्रदेश सरकारने आणि सन फार्मा या औषध कंपनीने स्थापन केलेल्या एका प्रतिष्ठानाने मिळून २०१७ साली मंडला जिल्ह्यात मलेरिया निर्मूलनाचा प्रात्यक्षिक प्रकल्प सुरू केला. जिल्ह्यातील नऊही विकासखंड, १,२३३ गावे आणि गोंड व बैगा समाजांची मोठी वस्ती असा त्याचा विस्तार होता. प्रकल्पाच्या प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांनुसार २०१७ ते २०२० या तीन वर्षांत स्थानिक मलेरियाचे प्रमाण सुमारे ९१ टक्क्यांनी घटले.

हा आकडा नाकारण्याचे आम्हाला काहीच कारण नाही. मंडल्यातील आदिवासी आईचे मूल तापातून वाचले असेल, तर त्याचा आनंद आम्हाला कंपनीच्या संचालकांपेक्षा कणभर अधिकच आहे. प्रश्न एवढाच की, या यशाचा अर्थ काय लावायचा?

भांडवलदारी वृत्तपत्रे त्याचा अर्थ असा लावतात की, खाजगी क्षेत्राची 'कार्यक्षमता' सरकारी यंत्रणेत ओतली की चमत्कार घडतो. प्रकल्पाची रीत नीट पाहिली, तर चमत्काराचा मागमूसही सापडत नाही. प्रशिक्षित माणसे गावोगाव, घरोघर ठराविक दिवशी फिरली. ताप आलेल्या प्रत्येकाची तिथल्या तिथे चाचणी झाली. रोग आढळला तर लगेच औषध मिळाले आणि ते पुरते घेतले की नाही हे पुन्हा जाऊन पाहण्यात आले. फिरणाऱ्या माणसांच्या कामावर देखरेख राहिली आणि साहित्याचा हिशेब ठेवण्यात आला. बस्स, एवढेच! यातील एकही गोष्ट अशी नाही की, जी सार्वजनिक आरोग्यसेवेला करता येऊ नये. उलट ती तिचीच जन्मजात जबाबदारी आहे.

म्हणजे मंडला जिल्ह्याने खाजगी भांडवलाचे श्रेष्ठत्व सिद्ध केले नाही. ज्या कामासाठी वेतन घेणारा, प्रशिक्षित, उत्तरदायी कामगार नेमला जातो, ते काम होते, हे त्याने सिद्ध केले. आता याच्याशेजारी आशा कार्यकर्तीची स्थिती ठेवून पाहा. २००५ साली ग्रामीण आरोग्य अभियानाबरोबर ही योजना आली. देशात दहा लाखांच्या घरात आशा आहेत. कायद्याच्या दृष्टीने त्या कामगार नाहीत, 'स्वयंसेविका' आहेत. मलेरियाच्या एका रक्तनमुन्यामागे राष्ट्रीय कार्यक्रमाने त्यांना ठरवून दिलेला मोबदला होता १५ रुपये. २०१३ साली ४५ व्या भारतीय श्रम परिषदेने योजना-कर्मचाऱ्यांना कामगार म्हणून मान्यता देण्याची शिफारस केली. २०२२ साली जागतिक आरोग्य संघटनेने आशांचा गौरव केला. गौरव पदरात पडला. वेतनश्रेणी अजूनही पडलेली नाही. प्रकल्पाच्या माणसाला वेतन आणि देखरेख, सरकारच्या बाईला मोबदला आणि टाळ्या! मग एकाची कार्यक्षमता आणि दुसरीची अकार्यक्षमता यांची तुलना करणे, ही शुद्ध फसवणूक नव्हे काय?

दोन टक्क्यांचे औदार्य

पूर्वी देणगीदार म्हटला की परदेशी प्रतिष्ठान डोळ्यांसमोर येई. १९८४ साली 'द मार्क्सिस्ट' या त्रैमासिकात प्रकाश करात यांनी परदेशी पैशांवर चालणाऱ्या कृतिगटांची साम्राज्यवादी धोरणाच्या संदर्भात जी चिकित्सा केली, ती जुन्या सभासदांना स्मरत असेल. त्यानंतरच्या चार दशकांत चित्र पालटले आहे. आज देशी मक्तेदार भांडवल हाच मोठा देणगीदार होऊन बसला आहे, आणि तो कायद्याने झाला आहे. २०१३ च्या कंपनी कायद्याच्या १३५ व्या कलमाप्रमाणे ठराविक मर्यादेपुढच्या कंपन्यांनी मागील तीन वर्षांच्या सरासरी नफ्याच्या दोन टक्के रक्कम सामाजिक कार्यावर खर्च करावयाची असते. १ एप्रिल २०१४ पासून हे कलम लागू झाले.

या औदार्याचा हिशेब एकदा मांडून पाहू. २०१९ च्या सप्टेंबरात केंद्र सरकारने कंपनी-कराचा मूळ दर ३० टक्क्यांवरून २२ टक्क्यांवर आणला. त्यामुळे सरकारी तिजोरीला वर्षाला १ लाख ४५ हजार कोटी रुपयांवर पाणी सोडावे लागेल, असे खुद्द अर्थमंत्र्यांनीच सांगितले. त्या आर्थिक वर्षात देशातील सर्व कंपन्यांचा सामाजिक दायित्वाचा एकूण खर्च होता सुमारे २५ हजार कोटी रुपये. म्हणजे डाव्या हाताने जेवढे काढून घेतले, त्याचा सहावा हिस्सा उजव्या हाताने परत केला आणि त्यावर आपल्या नावाची पाटी लावली! कर म्हणून तो पैसा तिजोरीत आला असता, तर तो कोठे खर्चावा यावर विधिमंडळात चर्चा झाली असती, लेखापरीक्षकाने तपासले असते, विरोधकांनी प्रश्न विचारले असते. देणगी म्हणून तो आला की संचालक मंडळाची इच्छा हाच कायदा आणि पाहुण्याने आभार मानणे हाच शिष्टाचार.

आणखी एक बाब अशी की, २०२१ सालच्या नियमांनी अशा चालू प्रकल्पाची कमाल मुदत, आरंभीचे वर्ष सोडून, तीन वर्षे ठरवून टाकली आहे. रक्तदाबाचा, मधुमेहाचा किंवा सिकलसेलचा रोगी तीन आर्थिक वर्षांत हिशेब पुरा करील, अशी अपेक्षा करणाऱ्यांनी रोग्याला पाहिलेले नाही, ताळेबंद तेवढा पाहिलेला आहे.

परदेशी देणगीचे घड्याळ तर याहूनही लहरी. त्याची किल्ली दुसऱ्याच देशाच्या राजकारणात असते. ब्रिटनने २०१२ च्या नोव्हेंबरात जाहीर केले की, भारताला दिले जाणारे आर्थिक अनुदान २०१५ पर्यंत बंद होईल. २० जानेवारी २०२५ रोजी अमेरिकेच्या नव्या राष्ट्राध्यक्षांनी सही केली आणि परदेशी साहाय्य गोठविले गेले. वॉशिंग्टनमधील त्या सहीनंतर काही आठवड्यांतच हैदराबाद, कल्याण आणि पुणे येथील तृतीयपंथीयांसाठीचे 'मित्र' दवाखाने बंद पडले. सरकारी दवाखान्यात ज्यांच्याकडे तिरस्काराने पाहिले जाते, अशा माणसांना जिथे प्रथमच सन्मानाने तपासले जात होते, ते दार एका रात्रीत लागले. कल्याणच्या किंवा पुण्याच्या एकाही नागरिकाला याबाबत कोणी काही विचारले नाही. विचारण्याची सोयच त्या व्यवस्थेत नव्हती.

जाब कोणाला द्यायचा?

उत्तरदायित्वाचा प्रश्न याहूनही गंभीर आहे. २००९ साली आंध्र प्रदेशातील खम्मम आणि गुजरातेतील वडोदरा जिल्ह्यांत 'पाथ' या अमेरिकी संस्थेने गर्भाशयमुखाच्या कर्करोगावरील लसीचा प्रकल्प राबविला. पैसा गेट्स प्रतिष्ठानाचा होता, लस बहुराष्ट्रीय औषध कंपन्यांनी दिली होती, आणि वैद्यकीय संशोधन परिषद व राज्य सरकारे त्यात सहभागी होती. सुमारे २४ हजार मुलींना लस टोचण्यात आली. त्यांत आदिवासी वसतिगृहांतील मुली मोठ्या संख्येने होत्या. सात मुलींच्या मृत्यूनंतर ओरड झाली आणि एप्रिल २०१० मध्ये प्रकल्प थांबवावा लागला.

या ठिकाणी अचूक बोलले पाहिजे. ते मृत्यू लसीमुळे झाले, असा निष्कर्ष सरकारी चौकशीत निघाला नाही. ती लस उपयुक्त आहे आणि गरिबांच्या मुलींनाही ती मिळाली पाहिजे. परंतु मुलींच्या आईबापांऐवजी वसतिगृहाच्या अधीक्षकांनी आणि मुख्याध्यापकांनी संमतिपत्रांवर सह्या केल्या, ही गोष्ट उघडकीस आली, आणि २०१३ साली संसदेच्या आरोग्यविषयक स्थायी समितीने या साऱ्या व्यवहारावर अत्यंत कडक शब्दांत ताशेरे ओढले. लस चांगली असली, तरी ज्या मुलीच्या दंडात सुई जायची तिला आणि तिच्या घरच्यांना कोणी मोजलेच नाही. प्रकल्पाचा अहवाल वर जात होता. खाली कोणाला काही सांगण्याचे बंधन नव्हते.

सरकारला ही विसंगती दिसत नाही असे नाही. परदेशी देणगीविषयक कायद्यात २०२० साली दुरुस्ती करून दिल्लीतील एकाच बँक-शाखेत खाते उघडण्याची सक्ती करण्यात आली, एका संस्थेने दुसरीला निधी देण्यास मनाई झाली आणि प्रशासकीय खर्चाची मर्यादा ५० टक्क्यांवरून २० टक्क्यांवर आली. कागदोपत्री हेतू पारदर्शकतेचा. मात्र त्याच वर्षी स्थापन झालेल्या पीएम केअर्स निधीला या कायद्यातून सूट मिळाली आणि कंपन्यांचा सामाजिक निधी स्वीकारण्याची मुभाही मिळाली; राज्यांच्या मुख्यमंत्री निधींना ती मुभा नाकारली गेली. तेव्हा सरकारचा राग परकीय पैशावर आहे, अशी कोणी समजूत करून घेऊ नये. प्रश्न विचारणाऱ्या संस्थेवर तो आहे. लोकांना जाब मागण्याचा हक्क देणारी दुरुस्ती त्या कायद्यात शोधूनही सापडत नाही.

अहवालांच्या भाषेविषयी

अनुवादकाला शब्दांचे वजन हातांना जाणवते, म्हणून दोन शब्द भाषेविषयी लिहितो. प्रकल्पांच्या इंग्रजी कागदांत 'स्टेकहोल्डर' हा शब्द पानोपानी येतो आणि मराठीत तो सर्रास 'भागधारक' असा उतरतो. मराठी माणसाच्या लेखी भागधारक म्हणजे कंपनीचे शेअर बाळगणारा. धुणीभांडी करणाऱ्या बाईकडे कोणता शेअर आहे? कोणत्या वार्षिक सभेत तिला मत आहे? परंतु हा शब्द चुकून का होईना, खरे बोलून जातो. या व्यवहारात ज्याचा भाग आहे, त्याचेच चालते.

दुसरा शब्द 'लाभार्थी'. हक्क ज्याचा असतो तो हक्कदार. ज्याच्या पदरात दुसरा काही टाकतो तो लाभार्थी. लाभार्थी आभार मानतो, हक्कदार हिशेब मागतो. देणगीदारांच्या अहवालांतून आलेला हा शब्द आता सरकारी फलकांवर आणि मंत्र्यांच्या भाषणांतही स्थिरावला आहे. खेदाची गोष्ट ही की, तो आपल्याही पत्रकांत शिरला आहे. हे पाप अनुवादकांचे, आणि त्यात मीही आलो.

जे साहाय्य मागे काही ठेवून जाते

याचा अर्थ असा नव्हे की, बाहेरून आलेले प्रत्येक साहाय्य धिक्कारावे. पुण्याजवळच्या पिंपरीचे हिंदुस्थान अँटिबायोटिक्स आठवा. १९५४ साली युनिसेफ आणि जागतिक आरोग्य संघटना यांच्या मदतीने हा सार्वजनिक कारखाना स्थापन झाला. साहाय्य देणारे गेले. मागे राहिला तो देशाच्या मालकीचा पेनिसिलिनचा कारखाना, शिकून तयार झालेला कामगार आणि स्वस्त औषध. १९६१ साली स्थापन झालेल्या आयडीपीएलला सोव्हिएत साहाय्य मिळाले, त्याचाही परिणाम असाच झाला. या साहाय्याने उत्पादनाची साधने जनतेच्या हाती आली. ती पुढे आजारी कोणी पाडली आणि २०१६ च्या डिसेंबरात एक बंद करण्याचा व दुसरा विकण्याचा निर्णय कोणी घेतला, हे सर्वांना ठाऊक आहे. त्याचा दोष साहाय्याकडे जात नाही.

गडचिरोलीचे उदाहरणही प्रांजळपणे मान्य केले पाहिजे. अभय व राणी बंग यांच्या 'सर्च' संस्थेने ३९ गावांत खेड्यातील स्त्रियांनाच नवजात बाळाची घरी काळजी घेण्यास शिकविले. त्यातून बालमृत्यू लक्षणीय घटल्याचे निष्कर्ष १९९९ साली 'लॅन्सेट'मध्ये प्रसिद्ध झाले. हा प्रयोग संस्थेचा होता. परंतु तो देशभरच्या बाळांपर्यंत पोचला तो २०११ साली, केंद्र सरकारने त्याला राष्ट्रीय कार्यक्रमाचे रूप दिले आणि आशांच्या खांद्यावर ते काम सोपविले तेव्हा. संस्थेने वाट शोधली. रस्ता बांधणे हे राज्यसंस्थेचेच काम होते आणि राहील.

आणि तिसरे उदाहरण, जे आपल्या अधिक जवळचे आहे. पूर्वीच्या मध्य प्रदेशातील, आजच्या छत्तीसगडमधील दल्ली राजहरा येथे लोहखनिज खाणीतील कंत्राटी कामगारांनी ३ जून १९८३ रोजी शहीद रुग्णालय सुरू केले. शंकर गुहा नियोगी यांच्या राजकारणाशी कोणाचे मतभेद असतील, ते त्यांनी खुशाल ठेवावेत. परंतु ज्या कामगारांच्या वर्गणीतून आणि अंगमेहनतीतून ते रुग्णालय उभे राहिले, त्यांना कोणत्याही देणगीदाराला निर्देशकांचा तक्ता पाठवावा लागला नाही. रुग्णालय केव्हा उघडे असावे, हे पाळीवरून परतणारा कामगार जाणत होता.

आपली चूक

येथवर दुसऱ्यांविषयी बोललो, आता स्वत:विषयी. अशा प्रकल्पांना 'भांडवलदारांचे हस्तक' म्हणून एका वाक्यात निकालात काढण्याची सवय आपल्यात आहे. हे वाक्य उच्चारून आपण सभागृहातून बाहेर पडतो आणि वस्ती प्रकल्पाकडे सोपवून मोकळे होतो. राइट टाउनपासून त्या वस्तीचे अंतर ते किती! गाडी अकरा वाजता येते आणि बाया तेव्हा कामावर असतात, ही गोष्ट आपल्या शाखेला ठाऊक नव्हती. मला ती ठाऊक झाली ती मोबदला घेऊन केलेल्या भाषांतरातून. यासारखी शरमेची गोष्ट दुसरी नाही.

त्याचप्रमाणे प्रकल्पात नोकरी करणाऱ्या तरुण कॉम्रेडला संशयाने पाहणे हाही करंटेपणा आहे. तो वेतनावर राबणारा कामगार आहे. दर मार्चअखेर त्याच्या डोक्यावर बेकारीची तलवार टांगलेली असते. वस्तीतली कुटुंबे, त्यांचे आजार, त्यांची कर्जे यांची जी माहिती त्याच्यापाशी असते, ती आपल्या कोणत्याही समितीपाशी नसते. त्याला दूर लोटण्याऐवजी संघटित केले पाहिजे.

काय मागायचे?

देणगी नको, असे म्हणून भागत नाही आणि देणगी धन्य, असे म्हणणे तर घातकच आहे. देशाच्या आरोग्यावरचा सरकारी खर्च राष्ट्रीय उत्पन्नाच्या अडीच टक्क्यांवर २०२५ पर्यंत नेण्याचे वचन २०१७ च्या आरोग्य धोरणात होते. २०२१-२२ च्या राष्ट्रीय आरोग्य लेख्यांनुसार तो होता १.८४ टक्के, आणि एकूण आरोग्यखर्चातील सुमारे ३९ टक्के भार लोकांनी स्वत:च्या खिशातून उचलला. हे वचन पुरे करून घेणे, त्यासाठी नफ्यावर देणगीऐवजी कर वसूल करायला लावणे, ही मुख्य लढाई आहे. ती चालू असताना जिथे जिथे असा प्रकल्प येईल, तिथे तिथे आपल्या शाखांनी पुढील मागण्या धराव्यात:

१. प्रकल्पाचा करार, रक्कम, मुदत आणि कर्मचाऱ्यांचे वेतन लोकांच्या भाषेत, आरोग्य केंद्राच्या भिंतीवर लावावे.

२. दीर्घकाळ औषध लागणाऱ्या प्रत्येक रोग्याची नोंद पहिल्याच दिवशी सरकारी दवाखान्यातही व्हावी. मुदत संपल्यावर औषध कोण देणार, हे लिहिल्यावाचून करारावर सही होऊ नये.

३. प्रकल्पातील कर्मचाऱ्यांना किमान वेतन व भविष्यनिर्वाह निधी मिळावा आणि शासकीय भरतीत त्यांच्या अनुभवाला प्राधान्य असावे. आशांना ४५ व्या श्रम परिषदेच्या शिफारशीप्रमाणे कामगार म्हणून मान्यता मिळावी.

४. सेवेची वेळ आणि कामाचे मोजमाप वस्तीच्या सभेत ठरावे. अनुसूचित क्षेत्रांत हा अधिकार ग्रामसभेकडे असावा. पेसा कायदा १९९६ चा आहे आणि मध्य प्रदेशाने त्याचे नियम २०२२ साली लागू केले आहेत; मंडल्यासारख्या जिल्ह्यात त्यांचा आधार घेता येईल.

५. औषध वा लसीच्या कोणत्याही प्रयोगात आईबापांच्या जागी दुसऱ्याची सही चालणार नाही. इजा झाल्यास भरपाई कोण देणार, हे आधी जाहीर व्हावे.

६. दरवर्षी जाहीर सभेत प्रकल्पाचा हिशेब द्यावा, आणि त्या सभेची वेळ कष्टकऱ्यांना येता येईल अशी असावी.

या मागण्यांत क्रांतिकारक असे काय आहे, असे कोणी विचारील. एवढेच की, घड्याळ देणगीदाराच्या मनगटावरून उतरवून वस्तीच्या चौकात टांगण्याची ही मागणी आहे. ज्या क्षणी एखादी वस्ती गाडीची वेळ आपण ठरवणार असे म्हणते, त्या क्षणी ती लाभार्थी राहत नाही.

त्या बाईचे रक्तदाबाचे कार्ड अजून तिच्या पिशवीत आहे. या महिन्यात शाखेने त्या वस्तीत घरोघर जाऊन अशा कार्डांची यादी करावी, प्रत्येकाची सरकारी दवाखान्यात नोंद करून घ्यावी आणि जिथे गोळी नाही तिथे ती मागण्यासाठी त्या स्त्रियांनाच पुढे करून मोर्चा न्यावा, असे मी सुचवितो. मोर्चाची वेळ संध्याकाळी सहाची असावी.